शकुंतलेच्या खिडकीतून



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून बोलायचे म्हणजे विषय कसा भारदस्त असावा लागतो. वेदान्त, अर्थकारण, राष्ट्राचे भवितव्य असा काही विषय असला म्हणजे श्रोत्यांनाही आपली संध्याकाळ सत्कारणी लागल्यासारखे वाटते. आम्ही आज बोलणार आहोत ते एका लहानशा आगगाडीवर, आणि तीही सध्या न धावणाऱ्या. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘यवतमाळ ते मूर्तिजापूर’ एवढेच सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आपल्याला जायचे आहे की बोलायचे आहे?” आम्ही म्हणालो, “जाता येत नाही, म्हणून तर बोलायचे!”

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घरी लवकर जायचे असेल त्यांची सोय होईल. शकुंतला नावाने आपण जिला ओळखतो ती गाडी आपल्यासाठी बांधलेली नव्हती. ती कापसासाठी बांधली होती. तरीही तिने आपल्याला आपला मुलूख दाखविला. ती थांबली तेव्हा एक स्वस्त वाहन गेले म्हणून आपण हळहळलो, आणि ते योग्यच होते. पण मुलूख पाहण्याची एक रीतही तिच्याबरोबर गेली, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. ती रीत कोणती होती आणि तिच्यातले काही अजून वाचविता येईल काय, एवढाच आजचा विषय.

प्रथम कापसाची हकीकत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला. तो वऱ्हाडच्या मध्यातून गेला. पण यवतमाळ, दारव्हा, कारंजा हा सारा कापसाचा टापू त्याच्या दक्षिणेस राहिला. इथला कापूस बंड्यांत भरून, बैलांच्या खांद्यावर, नदीनाले ओलांडीत मुख्य मार्गापर्यंत न्यावा लागे. कारंज्याचा बाजार तर एवढा मोठा, की १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार तेथे भरू लागला. असा बाजार आहे आणि रूळ नाहीत, ही गोष्ट व्यापाऱ्यांना किती दिवस सहन होणार?

मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने पुढाकार घेतला. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली, आणि १९१० नंतरच्या काही वर्षांत मूर्तिजापूर हे मध्य धरून दोन पंख पसरले. एक दक्षिणेला यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, दुसरा उत्तरेला अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर. वर्धा जिल्ह्यातला पुलगाव ते आर्वी हा तिसरा तुकडाही याच कंपनीचा. वऱ्हाडची रुई या रुळांवरून मूर्तिजापूरला, तेथून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने विलायतेला जाई. या गाडीला पुढे जे इंजिन लागले तेही १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले. म्हणजे कापूस तिकडे जायचा आणि तो ओढणारे इंजिन तिकडून यायचे! १९२३ साली कामाला लागलेले ते इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले, आणि मग डिझेलचे इंजिन आले. सत्तर वर्षे एकाच रस्त्यावर इमानाने चालणे माणसांतही दुर्मिळच.

आता या गाडीच्या अंगकाठीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. मुख्य मार्गाचे रूळ एकमेकांपासून साडेपाच फुटांवर असतात. शकुंतलेचे अवघ्या अडीच फुटांवर. हे तीन फूट कमी केल्याने काय साधते? रूळ हलके लागतात, पूल व मोऱ्या लहान पुरतात, खर्च वाचतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की अरुंद मार्गाला आखूड वळण घेता येते. रुंद मार्गाच्या वाटेत टेकडी आली तर ती कापावी लागते, खोलगट भाग आला तर उंच भराव घालावा लागतो. अरुंद मार्ग टेकडीला वळसा घालून जातो, ओढ्याच्या काठाकाठाने उतार शोधतो, आणि शेताच्या धुऱ्यालगत, जमिनीच्या पातळीवरूनच चालतो. कंपनीने हे सौंदर्यदृष्टीने केले नव्हते. पैसे वाचविण्यासाठी केले होते. पण त्या काटकसरीचे फळ प्रवाशाला मिळाले. भरधाव गाडीच्या खिडकीतून मुलूख पळताना दिसतो. शकुंतलेच्या खिडकीतून तो जवळ येऊन उभा राहात असे.

त्यातून तिचा वेग! ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. यवतमाळहून मूर्तिजापूर गाठायला अर्धा दिवस मोडे. कोणी उतरून बोरे तोडून पुन्हा चढला, असे विनोद या गाडीवर पुष्कळ झाले. आम्ही ते ऐकून हसलो आहोत आणि स्वतःही सांगितले आहेत. पण हा वेग बैलगाडीहून फारच जास्त आणि मोटारीहून फारच कमी, असा मधला होता. आणि डोळ्यांना नीट पाहता येईल, तरी कंटाळा येणार नाही, असा वेग बहुधा तोच असावा.

आमच्याबरोबर एकदा त्या वाटेने चला. फाल्गुनाचे दिवस धरू. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरच्या यवतमाळातून गाडी सकाळी निघाली, की प्रथम लासिना, मग लिंग, मग लाडखेड. गावाबाहेर पडताच टेकड्या लागतात. साग पाने टाकून उभा असतो, आणि त्या करड्या रानात पळस असा फुललेला असतो की डब्यातली बडबड करणारी माणसेही क्षणभर गप्प होत. काळ्या दगडाच्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी मुरमाड माळ, आणि उतारावर गाडी सरकू लागली की हळूहळू खोल होत जाणारी काळी माती. भूगोलाच्या पुस्तकात ‘जमिनीचे प्रकार’ म्हणून जो धडा असतो, तो इथे तास-दीड तासात डोळ्यांसमोरून जाई. वर हलक्या जमिनीत ज्वारी, खाली भारी जमिनीत पऱ्हाटी आणि तिच्या ओळींमध्ये तूर, हे कोणी समजावून सांगावे लागत नसे.

तपोना सोडून दारव्हा मोतीबाग आले, की फलाटावर गर्दी. इथून तांड्यांवरची मंडळी चढत. बंजाऱ्यांचा आणि या रुळांचा संबंध आम्हांला नेहमी विचार करायला लावतो. रेल्वे येण्यापूर्वी या देशाची मालवाहतूक बंजाऱ्यांच्या हाती होती. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून त्यांच्या लदेणी मुलुखामुलुखांतून फिरत. रूळ आले, सडका झाल्या, आणि त्यांचा तो धंदा बसला. लदेणी थांबल्या आणि तांडे टेकड्यांच्या कडेने स्थिर झाले. त्याच लोकांची नातवंडे-पतवंडे मग याच गाडीने बाजाराला आणि लग्नकार्याला जाऊ लागली. ज्याने घर मोडले त्याच्याच ओसरीवर बसण्याची वेळ यावी, आणि तरी बसणाऱ्याने तिथे आपला संसार थाटावा, असाच हा प्रकार आहे.

दारव्ह्याहून पुसदकडे जाणारा एक फाटाही एके काळी होता. तो फार पूर्वीच उखडला गेला. आज पुसदच्या किती तरुणांना ठाऊक आहे, की आपल्या गावाला गाडी येत होती? हा प्रश्न लक्षात ठेवावा. पुढे त्याकडे यायचे आहे.

पुढे वरुडखेड, सांगवी, सोमठाणा करीत गाडी कारंज्याला पोहोचे. कारंजा एका तासात पाहून होण्यासारखे नाही. गुरुचरित्रातल्या नृसिंहसरस्वतींचे हे जन्मगाव. तेथले गुरुमंदिर प्रसिद्धच आहे. जैनांची जुनी मंदिरे आणि हस्तलिखितांचे संग्रह याच गावात. जुन्या शहराला चार वेशी: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. यांतली दारव्हा आणि पोहा ही दोन्ही नावे पुन्हा शकुंतलेच्या स्थानकांच्या पाट्यांवर सापडतात. म्हणजे कंपनीच्या साहेबाने नकाशावर रेघ ओढली असे आपण म्हणतो खरे. पण ती रेघ बरीचशी जुन्या वाटेवरूनच गेली होती. वेशीतून जी माणसे शतकानुशतके ये-जा करीत होती, तीच पुढे तिकीट काढून गाडीत बसली.

पोहा, भडशिवणी, विळेगाव, किनखेड, आणि मग मूर्तिजापूर. आता सपाट, रुंद, काळाभोर प्रदेश. या मुलखाने गाडगेबाबांना वाढविले. मूर्तिजापूरजवळचे दापुरे हे त्यांच्या मामाचे गाव. तिथे ते लहानाचे मोठे झाले, आणि त्यांचा जन्म झाला तो शेंडगावी, उत्तरेकडच्या पंखाच्या मुलखात, अंजनगावच्या बाजूला. हातात खराटा घेऊन गावोगाव पायी फिरणाऱ्या त्या पुरुषाला हा मुलूख जसा ठाऊक होता, तसा तो आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नाही. त्यांच्या पायांच्या वेगाशी त्यातल्या त्यात जवळचा वेग आपल्याला परवडला तो शकुंतलेचाच.

या प्रवासात माणसे कशी भेटत, तेही सांगितले पाहिजे. गाडीवर कर्मचारी मोजकेच. फाटक आले की गाडी थांबे, एकजण उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे गेली की तो ते उघडून पुन्हा चढे. लहान स्थानकांवर तिकीटघर बंद झाले, तेव्हा गार्डच तिकिटे देई. झेंडी दाखविणारा, तिकीट फाडणारा आणि इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावण्यास मदत करणारा, हे सारे त्याच चारसहा माणसांत वाटलेले. प्रवासी त्यांना नावाने हाक मारीत. डब्यात भाजीच्या टोपल्या, शाळेची दप्तरे, आजारी माणसाला दवाखान्यात नेणारे घरचे लोक. मोटारीच्या भाड्याच्या मानाने इथले भाडे फारच थोडे, म्हणून ही गाडी गरिबांची. तिला ‘शकुंतला’ हे नाव कोणा अधिकाऱ्याने दिले नाही. लोकांनीच ते दिले आणि लोकांच्या तोंडीच ते रूढ झाले. कंपनीने मालासाठी बांधलेल्या गाडीला लोकांनी मुलीचे नाव ठेवले, यात सर्व काही आले.

मग ती थांबली का? इथे कोणा एकावर राग काढून आपली सुटका होणार नाही. पहिले कारण तिच्या जन्मातच होते. रूळ अरुंद असल्यामुळे तिच्या वाघिणी मुख्य मार्गावर जाऊ शकत नसत. प्रत्येक गठाण मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावर उतरवायची आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा चढवायची. माल बंडीतून येत होता तोवर हे खपले. मालमोटार आली आणि जिनिंगच्या दारातून उचललेला माल थेट मुक्कामाला पोहोचू लागला, तेव्हा हा दुहेरी हमालीचा खर्च कोण सोसणार? दुसरे कारण मालकीचे. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या. हा मार्ग मात्र कंपनीच्या मालकीचा राहिला. मध्य रेल्वेने गाडी चालवावी आणि कराराप्रमाणे कंपनीला उत्पन्नाचा वाटा द्यावा, अशी व्यवस्था चालू राहिली. ज्याची वस्तू तो ती वापरीत नाही, आणि जो वापरतो त्याची ती वस्तू नाही! अशा घराची डागडुजी जशी होते, तशीच या रुळांची झाली. तिसरे कारण काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि तिच्यावर ठेवलेला हलका रूळ दरसाल सारखा करावा लागतो. तेवढे हात राहिले नाहीत. वेग आणखी उतरला, फेऱ्या घटल्या, आणि २०२० उजाडण्यापूर्वीच दोन्ही पंख निपचित पडले. रुंद मार्ग करण्याची घोषणा २०१६ साली झाली. ती लवकर खरी व्हावी म्हणून अचलपूरपासून यवतमाळपर्यंत लोक मागणी करीत आले आहेत.

त्या मागणीच्या विरुद्ध आम्ही एक अक्षरही बोलणार नाही. जुनी गाडी रम्य होती म्हणून शेतकऱ्याने आपला माल रखडत पाठवावा आणि रोग्याने अर्धा दिवस डब्यात पडून राहावे, असे म्हणणारा माणूस रसिक नव्हे, निष्ठुर होय. वर्ध्याकडून येणारा नवा रुंद मार्ग देवळीवरून २०२४ साली कळंबपर्यंत पोहोचला, त्या दिवशी आम्हांलाही आनंद झाला. चिंतामणीच्या गावाला गाडी आली ही लहान गोष्ट नव्हे. आमचा प्रश्न निराळा आहे. नवे येताना जुन्याचे काय करायचे?

याची उत्तरे इतरांनी दिली आहेत. बार्शी लाईट रेल्वे आपल्याच मापाची, अडीच फुटी. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियराने ती सुरू केली, आणि पंढरीच्या वारकऱ्यांची ती गाडी झाली. २००८ पर्यंत तो सारा मार्ग रुंद झाला. लोकांची सोय झाली, आणि अरुंद गाडी आठवणीत गेली. माथेरानची गाडी १९०७ सालची. पावसाने ती कितीदा मोडली, पण दर वेळी पुन्हा उभी केली गेली, कारण तिच्यावर डोंगरावरच्या गावाचे पोट आहे. आणि तिसरे उदाहरण दूरचे, वेल्समधले. टॅलिलिन नावाचा सुमारे सात मैलांचा एक अरुंद मार्ग तेथे १८६५ पासून पाटीचा दगड वाहून नेत असे. खाण बंद पडली, मालक वारला, आणि गाडी भंगारात जाणार हे ठरल्यासारखेच होते. तेव्हा काही सामान्य नागरिक सभा भरवून एकत्र आले आणि १९५१ साली त्यांनी ती स्वतः चालवायला घेतली. सुट्टीच्या दिवशी येऊन कोणी रूळ सारखे करी, कोणी तिकिटे विकी. जगात अशा रीतीने स्वयंसेवकांनी राखलेली ती पहिली रेल्वे. आणि हे करणारे काही संस्थानिक नव्हते, तुमच्याआमच्यासारखेच व्याख्यानाला येऊन बसणारे लोक होते.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली अशी, की आठवणी लिहून घ्या. या मार्गावर काम केलेले गँगमन, फाटकवाले, मालधक्क्यावरचे हमाल अजून आपल्या गावांत आहेत. ते दरसाल कमी होत आहेत. शाळांनी मुलांना त्यांच्याकडे पाठवावे. जुनी तिकिटे, वेळापत्रके, छायाचित्रे वाचनालयात जमा करावी. याला सरकारची मंजुरी लागत नाही. पुसदच्या फाट्याचे जे झाले, ते या मार्गाचे होऊ नये. दुसरी सूचना अशी, की रुंद मार्गाची मागणी करतानाच, यवतमाळच्या टेकड्यांतला एखादा लहानसा तुकडा, दोनचार स्थानके आणि त्यांच्या पाट्या राखून ठेवा, हीही मागणी करा. दोन्ही मागण्या एका अर्जात मावतात. तिसरी सूचना सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वांत अवघड आहे. स्वतः जा. रुळांवरून चला असे आम्ही म्हणत नाही, एस.टी.ने लाडखेडला उतरा, गावातून, वावरांच्या धुऱ्यांवरून, विचारपूस करीत पुढच्या गावापर्यंत पायी जा. एका हंगामात एक टप्पा धरला, तरी यवतमाळ ते मूर्तिजापूर काही वर्षांत पुरे होईल. मुलांना बरोबर न्या. आपल्या जिल्ह्यातली शेते ज्यांनी मोटारीच्या काचेतूनच पाहिली आहेत, त्यांना शेतकऱ्याचे दुःख वर्तमानपत्रातल्या आकड्यांपलीकडे कळणे कठीण आहे. आणि त्या दुःखाशी ज्या जिल्ह्याचे नाव जोडले गेले, त्या जिल्ह्यातल्या शहरवासीयांना ते न कळून चालणार नाही.

शेवटी नावाविषयी दोन शब्द. कालिदासाच्या शकुंतलेची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. राजा तिला विसरला तो मनाने दुष्ट म्हणून नव्हे, शाप होता म्हणून. खुणेची अंगठी पाण्यात पडली, आणि ती पुन्हा राजाच्या हाती आली ती कोणा पंडिताकडून नव्हे, एका साध्या कोळ्याकडून. आपली शकुंतलाही दारात उभी आहे आणि आपण तिला ओळखत नाही. खुणेची अंगठी कुठे तरी दारव्ह्याच्या एखाद्या म्हाताऱ्या फाटकवाल्याच्या घरात, पत्र्याच्या पेटीत, जुन्या तिकिटांच्या रूपाने पडलेली असेल. ती शोधायला उद्या सकाळी कोणी निघाले, तर आजची संध्याकाळ वाया गेली नाही असे आम्ही समजू.